इंदूरच्या उन्हात उठलेले जंतू

आमच्याकडची माणसं इंदूरला जातात ती बहुतेक उज्जैनच्या वाटेवर. देवदर्शन, पोहे, शेवेची पाकिटं आणि परत. मी आणि माझी बायको नीला इंदूरला पाच दिवस राहिलो, उज्जैनला गेलोच नाही, आणि त्यातला निम्मा वेळ सांडपाणी बघण्यात घालवला. परत आल्यावर हे ऐकून शेजारी हसले. पण जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

कराडजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. अतिनील किरणांच्या दिव्यांनी पाणी निर्जंतुक करणारी यंत्रं आम्ही बनवतो. स्टीलची जाड नळी, तिच्या आत काचेचं आवरण, आवरणात दिवा. दिव्याच्या भोवतीनं पाणी वाहत जातं आणि त्या उजेडानं जंतू मरतात. दुधाच्या डेअऱ्या, सोसायट्या, अलीकडे छोटी हॉस्पिटलं अशी माझी गिऱ्हाइकं आहेत. प्रत्येक यंत्राबरोबर मी सहीचं प्रमाणपत्र देतो: या पाण्यातील सर्व जंतू नष्ट होतात. वीस वर्षं ती सही मी डोळे मिटून करत आलो.

डिसेंबरात इंदूरहून एका बाईंचा फोन आला. डॉक्टर वृंदा, तिथल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. त्या राहतात त्या भागातल्या एका निवासी संकुलात माझं यंत्र बसवलेलं होतं. संकुलाचं सांडपाणी गाळून, यंत्रातून काढून बागेला घालत.

"मानेजी, मशीन खराब नाहीये तुमची," त्या म्हणाल्या. "पण मशीनच्या पुढे जे होऊन राहिलंय ना, ते फोनवर समजवता नाही येणार. तुम्ही खुद येऊन बघा."

मला वाटलं तक्रार आहे, फक्त गोड शब्दांत. मी भांडायच्या तयारीनं निघालो. पिशवीत एक नवा दिवा आणि किरणांची तीव्रता मोजायचं मीटर घेतलं. नीला म्हणाली, मीही येते. तिला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर तिची जखम चिघळली. एक औषध चालेना, दुसरं चालेना, तिसरं चालेना. तपासणीच्या कागदावर औषधांच्या नावांची यादी होती आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे एकच अक्षर, आर. म्हणजे या जंतूवर हे औषध चालत नाही. शेवटी एका महागड्या इंजेक्शनानं ती वाचली, पण दीड महिना अंथरुणात गेला. तेव्हापासून जंतूंचा विषय निघाला की ती हातातलं काम थांबवून ऐकते.

वृंदाताईंचं घर

आम्ही हॉटेलात उतरणार होतो, पण वृंदाताईंच्या वडिलांनी, आप्पांनी, ते चालू दिलं नाही. आप्पा निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांचे पणजोबांचेही आजोबा संस्थानच्या फौजेबरोबर सातारा भागातून इकडे आले. म्हणजे आमच्याच पाण्याचे. पण बोलणं ऐकून मला पहिल्या दिवशी सारखं थांबून अर्थ लावावा लागत होता.

"बसा तर खरं. पोहे ठंडे होऊन जातील," आप्पा म्हणाले. "आणि जलेबी सोबत खायची, बाद में नाही."

आमचे कांदेपोहे कढईत परतलेले असतात. इथले वाफेवर फुगवलेले, जरा गोडसर, बडीशेपेच्या वासाचे. वरून शेव, डाळिंबाचे दाणे आणि जिरावन नावाचा आंबटतिखट मसाला. पोह्यांचा घास आणि जिलबीचा तुकडा एकत्र, हे मला आधी विचित्र वाटलं आणि तिसऱ्या घासाला पटलं. नीलानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ती माहेर सोडून कुठेही दुसऱ्यांदा मागत नाही.

खाऊन झाल्यावर मी जिलबीचा कागद आणि केळ्याची साल एकाच डब्यात टाकली. आप्पा उठले, साल बाहेर काढून दुसऱ्या डब्यात टाकली आणि परत येऊन बसले. मी ओशाळलो. पुढचे चार दिवस रस्त्यांवर बघत होतो. टपरीवाल्याकडेही दोन डबे. आमच्या गावात ग्रामपंचायतीनं वाटलेल्या दोन डब्यांपैकी एकात लोकांनी तुळस लावली आहे.

संध्याकाळी वृंदाताई कॉलेजातून आल्या. पंचेचाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याकडे एकटक बघणाऱ्या. मी पिशवीतून मीटर काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचलून नीट पाहिलं.

"हे आणलंत ते बहोत अच्छं केलंत," त्या म्हणाल्या. "उद्या सगळ्यात आधी हेच लावू. म्हणजे शंका नको राहायला."

मी भांडायची जी वाक्यं जुळवली होती ती तिथेच संपली.

भंवरकुआंच्या पलीकडे

भंवरकुआं म्हणजे शिकवण्यांचा भाग. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासचे फलक, वर वसतिगृहं, खाली मेस आणि झेरॉक्स. तिथून पुढे ते संकुल. निम्म्या सदनिका विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेल्या. सांडपाण्याचं केंद्र मागच्या भिंतीला लागून, आणि ते सांभाळणारे कैलास भिया, म्हणजे कैलासभाऊ. पन्नाशीचे, कानाला मफलर, यंत्राला गाय असल्यासारखे थोपटणारे.

"भिया, आपकी मशीन एक नंबर है," ते मला म्हणाले. "रोज शीशा पोंछता हूँ मैं."

मी मीटर लावलं. दिवा पूर्ण ताकदीनं जळत होता, काचेवर डाग नव्हता. पाण्याचा वेग मी सांगितला होता तेवढाच. यंत्रात खोट काढायला जागा नव्हती. माझी छाती जरा फुगली.

मग वृंदाताईंनी नमुने घ्यायला सुरुवात केली. एक बाटली दिव्याच्या आधीच्या पाण्याची. चार बाटल्या दिव्यातून बाहेर पडलेल्या पाण्याच्या. त्या चारांपैकी दोन उघड्या ठेवायच्या, दोन चांदीच्या कागदात घट्ट गुंडाळायच्या, उजेड आत जाऊ नये म्हणून. एक बाटली त्यांनी गुंडाळली, दुसरी मी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चारही बाटल्या खिडकीत, जानेवारीच्या कोवळ्या उन्हात तीन तास ठेवल्या. दुपारी प्रत्येकीतलं थोडं थोडं पाणी काचेच्या बशांत ओतलं. बशीत जेलीसारखं खाद्य असतं, त्यावर जिवंत जंतूचा एका दिवसात डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका होतो. काही बशांतलं खाद्य साधं होतं. काहींत प्रतिजैविक मिसळलेलं. त्यावर वाढेल तो जंतू त्या औषधाला न जुमानणारा.

नीलानं औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचलं.

"हे मला दिलं होतं," ती म्हणाली. "पहिलं."

वृंदाताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग नीलानं सगळं सांगितलं, जखम, कागद, आरची रांग. वृंदाताईंनी हातातली बशी खाली ठेवून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "नीलाताई, उद्या बशा तुम्हीच उघडा."

परतताना नीलाला डोकेदुखीची गोळी हवी होती म्हणून भंवरकुआंच्या एका औषधांच्या दुकानात थांबलो. आमच्या पुढे एक विद्यार्थी होता, नाकातून पाणी गळत होतं. त्यानं चिठ्ठीविना एका प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या मागितल्या. दुकानदारानं पट्टी कापून दिल्या.

नीला त्याला म्हणाली, "बेटा, सर्दी है ना? इससे नहीं जाएगी."

"आंटी, कल टेस्ट है," तो म्हणाला. "दो खा लूँगा तो आराम लगता है."

"और बाकी की?"

"बाकी की क्यों?" त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. तो निघून गेला. ती गोळी त्याच्या पोटातून कुठे जाणार हे मी त्याच दिवशी सकाळी पाहिलं होतं. कैलास भियांच्या टाकीत.

त्या संध्याकाळी आप्पांनी गराडू खायला घातला. हिवाळ्यातला कंद, तुपात तळून वर मसाला आणि लिंबू. मी घाईनं तोंडात टाकला आणि टाळू भाजून घेतली. दोन दिवस चहाचा घोट घेताना ते आठवत राहिलं.

बशा

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं प्रयोगशाळेत गेलो. वृंदाताईंनी ऊबदार पेटीतून बशांची चळत काढली आणि टेबलावर ओळीनं मांडली. बशा पालथ्या ठेवलेल्या असतात, नीलानं एकेक सरळ करायला घेतली.

दिव्याच्या आधीच्या पाण्याची साधी बशी पूर्ण भरलेली होती. दुधाळ सायच जणू. ते अपेक्षितच होतं. वृंदाताईंनी गुंडाळलेल्या बाटलीची बशी जवळजवळ कोरी. चार-पाच ठिपके. माझ्या यंत्राचं काम. मी नीलाकडे पाहिलं.

मग तिनं उघड्या ठेवलेल्या बाटलीची बशी सरळ केली. तिच्यावर खसखस सांडल्यासारखे ठिपके होते. दुसऱ्या उघड्या बाटलीचीही तशीच. तेच पाणी, तोच दिवा, त्याच मिनिटाला भरलेल्या बाटल्या. फरक फक्त खिडकीतल्या उन्हाचा.

"ही बशी कुठेतरी खराब झाली असेल," मी म्हणालो.

"मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं," वृंदाताई म्हणाल्या. "म्हणून तर अकरा वेळा केलं."

दिव्यातून गेलेल्या पाण्याची चौथी बशी उरली होती, मी गुंडाळलेल्या बाटलीची. तिच्यावर मधलंच काहीतरी होतं. ना कोरी, ना भरलेली. वृंदाताईंनी केराच्या डब्यातून माझा चांदीचा कागद शोधून काढला. बुडाशी बोटभर फट राहिली होती. मी नीट दुमडला नव्हता.

"ही बशी मी मोजणार नाही, चुकलेली आहे," त्या म्हणाल्या.

पण मला पटलं ते त्या चुकलेल्या बशीमुळेच. बोटभर फटीतून जेवढा उजेड आत गेला, तेवढेच जंतू उठले होते. हे कुणी रचून दाखवणं शक्य नव्हतं. ती फट माझ्या हातून राहिली होती.

वृंदाताईंनी मग कागदावर काढून समजावलं. माझा दिवा जंतूला जाळत नाही. जंतूच्या आत त्याची सगळी माहिती लिहिलेला एक धागा असतो. दिव्याच्या किरणांनी त्या धाग्यावरची शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. मग जंतूला स्वतःची नक्कल काढता येत नाही, तो वाढू शकत नाही, आणि आपण म्हणतो मेला. पण अनेक जंतूंजवळ दुरुस्तीचं एक प्रथिन असतं. ते त्या चिकटलेल्या जागेवर जाऊन बसतं आणि थांबतं. उन्हातल्या निळ्या उजेडाचा कण त्याच्यावर पडला की त्याच्या जोरावर ते चिकटलेली अक्षरं सुटी करतं. धागा पुन्हा पहिल्यासारखा.

"म्हणजे एका उजेडानं मोडतो आणि दुसऱ्या उजेडानं जुळतो," नीला म्हणाली.

"हां. आणि ही विद्या त्यांच्याकडे माणूस नव्हता तेव्हापासूनची आहे. उन्हातच राहायचं होतं ना त्यांना."

मी स्टुलावर बसलो. वीस वर्षं मी ज्याला मारतो म्हणत होतो त्याची मला काहीच ओळख नव्हती. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला मेंदू नाही, हात नाहीत, आणि माझ्या दिव्यानं केलेली मोडतोड तो खिडकीतल्या उन्हात तीन तासांत दुरुस्त करतो. मला राग यायला हवा होता, निदान भीती तरी. पण खरं सांगायचं तर मी त्या बशीकडे डोंगरासमोर उभं राहिल्यासारखा बघत होतो.

नीलाचं लक्ष औषधाच्या बशांकडे होतं. दिव्याच्या आधीच्या पाण्यात औषधाला न जुमानणारे जंतू होते, पण साध्यांच्या मानानं थोडे. उन्हात उठलेल्यांत त्यांचा वाटा जास्त दिसत होता.

"याचा अर्थ दिव्यानं ते औषधाला दाद देईनासे झाले?" तिनं विचारलं.

"नाही, असं मी म्हणणार नाही," वृंदाताई सावकाश म्हणाल्या. "कधी वाटा वाढतो, कधी तसाच राहतो, कधी कमीपण होतो. जंतू कोणता, किरण किती, पाणी किती गढूळ, सगळ्यावर आहे. शायद जे चिवट होते ते दोन्हीतून वाचले. शायद अर्धवट मार बसला की त्यांच्या आत धावपळ सुरू होते आणि त्यात बदल होतात. अजून पक्कं माहीत नाही. एक गोष्ट मात्र दिसते. जंतू पूर्ण मेला तरी औषधाला न जुमानण्याची माहिती त्या धाग्याच्या तुकड्यात शाबूत राहू शकते. तो तुकडा पाण्यात तरंगतो आणि दुसरा जिवंत जंतू तो उचलून आपला करू शकतो. ती माहिती पुसायला किरण खूप जास्त लागतात. तुमच्या मशीनच्या कितीतरी पट."

नीला त्या बशांवर वाकली. मग तिनं एका बशीकडे बोट केलं.

"माझ्या पोटात होता तो यातला कुठला?"

"ते कुणीच नाही सांगू शकत, नीलाताई," वृंदाताई म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मी विचारलं, मग मी धंदा बंद करू का. त्या म्हणाल्या, बिलकुल नाही. दिव्यानं जंतू खरंच खूप कमी होतात आणि पाण्यात कुठलं रसायन राहत नाही. पाणी आधी नीट गाळा, किरण वाढवा, आणि दिव्यातून बाहेर पडलेलं पाणी लगेच उन्हात सोडू नका, झाकलेल्या टाकीत ठेवा. "आणि सर्व नष्ट असं लिहू नका. एवढंच."

दुपारी कैलास भियांना जाऊन सांगितलं. त्यांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला.

"मतलब मैं जो शीशा पोंछता था, वो बेकार गया?"

"नहीं भिया," मी म्हणालो. "आपने पोंछा इसीलिए इतने कम हैं."

ते मान हलवत मोकळ्या टाकीकडे गेले. पाणी तिथे उघड्यावर, भर उन्हात चमकत होतं. बागेला सोडण्याआधी ते तिथेच साठायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वृंदाताईंना फोटो पाठवला. टाकीवर काळी ताडपत्री, चारी कोपऱ्यांना विटा.

महू

चौथ्या दिवशी आप्पांनी आम्हाला महूला नेलं. लष्कराची छावणी असलेलं गाव, जुनी झाडं, चुन्यानं रंगवलेले बुंधे, सरळ रस्ते. आप्पा लहानपणी इथे मामाकडे यायचे, ते घरं दाखवत होते. मला काही दिसत नव्हतं.

आमच्या तालुक्यात एक चोवीस खाटांचं हॉस्पिटल आहे. त्याचं सांडपाणी माझ्या यंत्रातून जाऊन मागच्या ओढ्यात पडतं. उघड्या चरातून, शंभरेक पावलं, उन्हातून. हॉस्पिटल म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचं घरच. आणि तिथल्या भिंतीवर माझं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं आहे.

चहाच्या टपरीवर नीला म्हणाली, "अहो, फोन करायचाय ना? मग करा की. घरी जाऊन करायचा म्हणालात तर होणार नाही तुमच्याकडून."

मी झाडाखाली जाऊन हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. अडखळलो, मागेपुढे झालं, पण सांगितलं.

"माने, तुम्ही लिहून दिलं होतंत," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम. मला माहीत नव्हतं."

"आणि मी ते वाचून निर्धास्त झाले. मलाही विचारता आलं असतं. परत आलात की सरळ इकडे या. तोवर चरावर काहीतरी झाकण टाकायला सांगते."

टपरीवर परत आलो तेव्हा आप्पांनी माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला होता. नीलानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बिस्किटाचा पुडा पुढे सरकवला.

परत

घरी येऊन पहिले दहा दिवस हॉस्पिटलमध्ये गेले. आधी बारीक गाळणी, मग एकाच्या जागी तीन दिवे, मग सिमेंटची झाकलेली टाकी, आणि चराच्या जागी बंद पाइप. चौकटीतलं प्रमाणपत्र मॅडमनी माझ्या हातात दिलं. इतर गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले. काहींनी आभार मानले. एका डेअरीवाल्यानं विचारलं की मग दुसऱ्या कंपनीच्या यंत्रानं सगळे मरतात का, आणि मी नाही म्हणालो तर त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं माझं यंत्र काढलं.

एक काम मात्र मी शेवटपर्यंत लांबवलं. हॉस्पिटलच्या खाली, ओढ्याच्या काठाला, सुमनताई नावाच्या एक बाई मेथी आणि कोथिंबीर पिकवतात. ओढ्यात मोटर टाकून पाणी घेतात. त्यांचा मळा मी यंत्र बसवलं त्या दिवसापासून बघत आलो होतो. एका सकाळी नीला माझ्याबरोबर आली. सुमनताई वाफ्यात उभ्या होत्या, पाण्याचा पाइप हातात.

मी त्यांना सांगितलं की वरून येणारं पाणी स्वच्छ दिसत होतं पण तेवढं स्वच्छ नव्हतं. आता पुष्कळ सुधारलंय, पण पूर्ण नाही. कच्ची खायची भाजी तरी या पाण्यावर नको.

"मग तुमच्या त्या दिव्यानं किडे मरत न्हाईत व्हय?" त्यांनी विचारलं.

"मरतात. पण सगळे नाही. काही उन्हात परत उठतात. आणि त्यातले काही असे असतात की माणसाला झाले तर औषध लागू पडत नाही."

"मला झालं होतं तसं," नीला म्हणाली.

सुमनताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग मेथीकडे, मग ओढ्याकडे. मोटर बंद केली, ओढ्यातून पाइप ओढून काढला आणि मळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या विहिरीकडे न्यायला लागल्या. पाइप लांब होता, पाण्यानं जड झालेला. मी चप्पल काढून वाफ्यात उतरलो आणि दुसरं टोक उचललं.